पंधरा जूनच्या आधी

पंधरा जून म्हटलं की आपल्याला शाळा उघडण्याचा दिवस आठवतो. अमेरिकेत हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या मुलांच्या घरी याच तारखेची वेगळ्या कारणाने वाट पाहतात. दहावी संपल्यानंतरच्या 15 जूनपासून पहिल्या डिव्हिजनच्या कॉलेजांचे कोच बहुतेक खेळांत मुलांशी थेट बोलू शकतात. कॉलेज क्रीडेची नियामक संस्था एनसीएए हिचा हा नियम.

माझी भाची न्यू जर्सीत पोहते. 200 यार्ड ब्रेस्टस्ट्रोक ही तिची शर्यत. तिची दहावी संपल्यावर ही तारीख लागायची होती, त्या रात्री मी तिच्याकडेच होते. बारा वाजून गेल्यावर फोन थरथरला. एका कोचने तिच्या मार्चमधल्या शर्यतीतला शेवटच्या पन्नास यार्डांचा वेळ लिहून पाठवला होता, अगदी शतांशासकट. ती उडालीच. ‘‘मावशी, म्हणजे हे सगळं बघत होते!’’

बघत तर होतेच. वर्षभर ती कोचना मेल पाठवत होती. विषयाच्या ओळीतच नाव, पदवीचं वर्ष, स्ट्रोक आणि वेळ; खाली व्हिडिओची लिंक. उत्तरादाखल यायची ती छापील प्रश्नावली, नाहीतर कॅम्पचं पत्रक. आपली मुलगी कुणाला नकोच आहे, असं माझ्या बहिणीने धरून ठेवलं होतं. खरं तर त्या तारखेआधी कोचला त्यापलीकडे काही पाठवायची मुभाच नसते. मुलांनी लिहायला मात्र आडकाठी नाही. म्हणून नववी-दहावीतच लिहायला लागावं, उत्तर आलं नाही तरी लिहीत राहावं, असं मी तिथल्या सगळ्या मराठी आईबापांना सांगते.

हा नियम येण्याआधी लॅक्रॉस, सॉकरसारख्या खेळांत आठवीतल्या मुलीही तोंडी शब्द देऊन बसत. 2017 मध्ये लॅक्रॉसला आणि 2019 मध्ये बहुतेक खेळांना बंधन आलं, ते फार बरं झालं. तरी मला ते अपुरंच वाटतं. कितीतरी मुलगे सोळाव्या-सतराव्या वर्षी अंग धरतात. त्यांची खरी वेळ लागते तोवर जागा भरत आलेल्या असतात. त्यात एनसीएएविरुद्धच्या खटल्यात जून 2025 मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर, तिच्यात सामील झालेल्या कॉलेजांना संघातल्या मुलांची संख्याच बांधून दिली आहे. पोहणं आणि डायव्हिंग मिळून 30. उशिरा फुलणाऱ्या मुलाला कडेला ठेवून वाट पाहायची सोय आता कोचकडे फारशी उरलेली नाही.

अभ्यासाचंही घड्याळ सोबत चालूच असतं. पहिल्या डिव्हिजनसाठी 16 मुख्य विषय लागतात, त्यातले 10 बारावी सुरू व्हायच्या आत पुरे व्हावे लागतात. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळाची शिष्यवृत्ती नसते. तिथले बरेच कोच अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात मुलांची गुणपत्रिका आधी प्रवेश कार्यालयाला दाखवून घेतात, मगच शब्द देतात.

पहिल्या डिव्हिजनमध्ये दहावीनंतरच्याच 1 ऑगस्टपासून कॉलेजच्या खर्चाने भेटी सुरू होतात. भाची एका संघाबरोबर राहून आली. पहाटेच्या सरावानंतर केमिस्ट्रीची लॅब जमते का, हे तिने कोचला न विचारता पहिल्या वर्षाच्या मुलींना विचारलं. जमते, पण लॅब दुपारची मागून घ्यावी लागते, असं त्यांनी सांगितलं. घरी आल्यावर तिने ते कॉलेज यादीत वर घेतलं.