मोहिमेवर पुस्तक निघतं, पण कामावर जाणाऱ्या सायकलबद्दल वाचायचं कुठे?

सायकलवर काही वाचायचं म्हणून शोधायला गेलं की साधारण दोनच गोष्टी समोर येतात. एक म्हणजे मोहीम. कुणी मनालीहून लेहला गेलं, कुणी काश्मीर ते कन्याकुमारी. दुसरी म्हणजे खरेदी. गिअरची घ्यावी की बिनगिअरची, कितीपर्यंत बजेट ठेवावं, हेल्मेट कुठलं.

पण पहाटे हँडलला किटल्या अडकवून निघणारा दूधवाला, रात्रपाळीला जाणारा वॉचमन, चार किलोमीटरवरच्या हायस्कूलला डबलसीट जाणाऱ्या मुली, कॅरिअरला थापी आणि डबा बांधून साइट गाठणारा गवंडी, यांचं काय? यांच्यासाठी सायकल हा छंद नाही. ती पोटापाण्याची गोष्ट आहे. मग त्यांच्या सायकलबद्दल कुणी काही लिहिलंय का?

तर लिहिलंय, आणि बरंच लिहिलंय. अडचण एवढीच की ते सायकलच्या कप्प्यात सापडत नाही. ते साक्षरता, शिक्षण, अर्थशास्त्र, रस्तेबांधणी अशा भलत्याच कप्प्यांत जाऊन बसलंय.

सुरुवात मराठीतूनच करता येते. पी. साईनाथ यांचं १९९६ साली आलेलं दुष्काळावरचं गाजलेलं पुस्तक मराठीत 'दुष्काळ आवडे सर्वांना' या नावाने आलं. त्यात तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याची गोष्ट आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे साक्षरता मोहीम चालू होती. तेव्हाच्या महिला जिल्हाधिकाऱ्यांनी त्या मोहिमेतच बायकांना सायकल शिकवायचं ठरवलं. शेतमजूर, खाणीत राबणाऱ्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा त्यांनी जेंट्स सायकली घेतल्या. पुढच्या दांडीवर पोराला बसवता येतं, हा वर फायदा. एसटी स्टँडपर्यंत जायला नवऱ्याची किंवा भावाची वाट बघायची गरज उरली नाही. हीच गोष्ट एनसीईआरटीच्या आठवीच्या हिंदी पुस्तकात 'जहाँ पहिया है' या नावाने धडा म्हणून होती.

याच पुस्तकात गोड्डा भागातले कोळसा वाहणारे लोकही भेटतात. एका सायकलवर सुमारे अडीचशे किलो कोळसा लादायचा आणि ती हाताने ढकलत कित्येक किलोमीटर न्यायची. पुढे साईनाथ यांनीच सुरू केलेल्या 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया या संकेतस्थळावरही कष्टकऱ्यांच्या अशा गोष्टी आहेत. त्यातल्या अनेक मराठीत आणि फुकट वाचता येतात.

आता दुसरा कप्पा, शिक्षण. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. त्याने खरंच फरक पडला का, हे कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तपासलं. २०१७ साली छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासानुसार योग्य वयात माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं. मुलगा-मुलगी यांच्यातली तफावत ४० टक्क्यांनी घटली. आणि मुख्य म्हणजे, शाळा गावापासून ३ किलोमीटर किंवा त्याहून लांब होती तिथे फरक जास्त दिसला. म्हणजे मुली शिक्षणात मागे राहण्यामागे शाळेचं अंतर हे एक मोठं कारण होतं.

महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल देण्याची योजना आहे. तिचे शासन निर्णय सरकारी संकेतस्थळावर मराठीत आहेत. भाषा सरकारी असली तरी किती अंतरासाठी, कुणाला आणि कशा पद्धतीने सायकल मिळते, हे त्यातून नेमकं कळतं.

तिसरा कप्पा आकड्यांचा. लोक कामावर कसे जातात, हे २०११ च्या जनगणनेत विचारलं होतं. बी-२८ या तक्त्यात त्याची उत्तरं आहेत. सुमारे २० कोटी कामगारांपैकी साधारण २ कोटी ६० लाख, म्हणजे १३ टक्के लोक सायकलने जात होते. पण इथेच एक मेख आहे. या तक्त्यात शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगात काम करणारे धरलेलेच नाहीत. शाळकरी मुलंही नाहीत. म्हणजे सायकल सगळ्यात जास्त जिथे दिसते, तिथली मोठी संख्या या हिशोबात आलेलीच नाही.

दुसरीकडे, २०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५०.४ टक्के घरांत सायकल असल्याचं आढळलं. निम्म्या घरांत असलेली वस्तू पुस्तकांच्या दुकानात मात्र शोधून सापडत नाही.

इतिहासाची आवड असेल तर डेव्हिड अरनॉल्ड यांचं 'एव्हरीडे टेक्नॉलॉजी' हे २०१३ चं इंग्रजी पुस्तक आहे. सायकल, शिलाई मशीन, टाइपरायटर आणि भाताची गिरणी या चार यंत्रांनी भारतीयांचं रोजचं जगणं कसं बदललं, हा त्याचा विषय. मराठी वाचकाला हे फार परकं वाटणार नाही, कारण लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवातच १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानाने झाली होती. परदेशातलं वाचायचं तर पीट जॉर्डन यांचं 'इन द सिटी ऑफ बाइक्स' ॲमस्टरडॅमची गोष्ट सांगतं. तिथली सायकल आभाळातून पडली नाही, त्यासाठी लोकांना रस्त्यावर उतरून भांडावं लागलं, हे त्यातून समजतं.

राहिला शेवटचा कप्पा, रस्त्याचा. हा सगळ्यात रुक्ष आणि सगळ्यात उपयोगी. सायकल ट्रॅक कसा असावा, याची इंडियन रोड्स काँग्रेसची पुस्तिका आहे. तिचा क्रमांक आयआरसी ११. पहिली १९६२ ची, सुधारित २०१५ ची. १९६२ च्या पुस्तिकेतही ट्रॅक किमान २ मीटर रुंद हवा, असं म्हटलंय. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये मंजूर केलेला सर्वंकष सायकल आराखडाही वाचण्यासारखा आहे. सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जाणारं पुणे सायकल परत कशी आणू पाहत होतं, हे त्यात तपशिलात आहे.

शोधताना शब्द बदलले की बरंच काही हाती लागतं. नुसतं 'सायकल' टाकलं तर जाहिराती येतात. त्याऐवजी 'सायकल आराखडा', 'सायकल वाटप शासन निर्णय', 'नॉन मोटराइज्ड ट्रान्सपोर्ट', 'युटिलिटी सायकलिंग' असं टाकून बघावं. सोबत आपल्या शहराचं नाव जोडावं.

एवढं वाचून उपयोग काय? महापालिका किंवा नगरपालिका विकास आराखड्याचा मसुदा जाहीर करते तेव्हा हरकती आणि सूचना मागवते. 'आमच्या भागात सायकल ट्रॅक हवा' एवढंच लिहिलं तर तो अर्ज फायलीत जातो. 'नियमाप्रमाणे ट्रॅक २ मीटर हवा, जागेवर टेप लावून मोजला तर सव्वा मीटर भरतो आणि मधोमध विजेचा खांब आहे' असं लिहिलं तर अधिकाऱ्याला उत्तर शोधावं लागतं. कागद नीट वाचून त्यावर बोट ठेवायला दूधवाल्याला किंवा वॉचमनला सवड मिळत नाही. पण ज्याला सवड आहे त्याने तो वाचला, तर रस्ता दोघांचाही सुधारतो.