महायुद्धात आपण कुठे होतो?

रविवारी सकाळी चारकोपच्या आमच्या विहारात आम्ही काही कार्यकर्ते मुलांचा अभ्यास घेतो. मी कचेरीत आकडेमोड करणारा माणूस, इतिहास काही माझा विषय नव्हे. पण शिकवणारे कमी, म्हणून तोही माझ्याकडे आला. त्या दिवशी दुसरे महायुद्ध होते. फळ्यावर लढाया आणि तारखा लिहिल्या, मुलांनी मुकाट्याने उतरवून घेतल्या. मागच्या रांगेतल्या एका मुलाने मात्र विचारले, "काका, ह्या युद्धात आपण कुठे होतो?"

मी अडखळलो. पुढच्या रविवारी सांगतो म्हणालो आणि आठवडाभर पुस्तके चाळली. त्या मुलाला दिलेले उत्तर इथे देत आहे, कारण हा प्रश्न तुमच्याही घरात उद्या विचारला जाईल.

आधी युद्धाची वळणे थोडक्यात. १ सप्टेंबर १९३९ रोजी हिटलरने पोलंडवर हल्ला केला. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि इंग्लंड एकाकी झाले. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले; सुमारे ८० हजार सैनिक कैद झाले, त्यांत निम्म्याच्या आसपास हिंदी होते. मग पारडे फिरले. जून १९४२ मध्ये मिडवे बेटाजवळ जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या. नोव्हेंबरात आफ्रिकेत एल अलामीनला जर्मन हरले. २ फेब्रुवारी १९४३ रोजी स्टालिनग्राडला जर्मनांच्या अख्ख्या सेनेने शस्त्रे खाली ठेवली. १९४४ साली जपानी फौज थेट कोहिमा-इंफाळपर्यंत आली. कोहिमात तर जिल्हा अधिकाऱ्याच्या बंगल्यातील टेनिसच्या मैदानावर, समोरासमोर लढाई झाली. २२ जूनला इंफाळचा रस्ता मोकळा झाला आणि जपानी मागे हटले.

ही झाली पुस्तकातली वळणे. आपले वळण पुस्तकात नाही. ते समजण्यासाठी पन्नास वर्षे मागे जावे लागेल.

कोरेगावच्या स्तंभावर कोणाची नावे कोरली आहेत हे आपल्या मुलांना सांगावे लागत नाही. कंपनीच्या फौजेत आपल्या लोकांनी पिढ्यान्‌ पिढ्या चाकरी केली. बाबासाहेबांचे आजोबा फौजेत होते, वडील रामजी सुभेदार होते. पलटणीत पगार होता आणि त्याहून मोठी गोष्ट, मुलांना शाळा होती. पण १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची भरती बंद केली. 'लढवय्या जाती' आणि 'बिनलढवय्या जाती' अशी वाटणी इंग्रजांनी केली आणि कोरेगावच्या वारसांना बिनलढवय्ये ठरवले! गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट विलायत सरकारकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज संपली आणि १९२१ साली पलटण मोडली. कामापुरता मामा, दुसरे काय?

म्हणून दुसऱ्या युद्धात बाबासाहेबांनी संधी हातची जाऊ दिली नाही. फ्रान्स पडल्यावर इंग्रजांना हिंदुस्थानात प्रचंड सैन्य उभारावे लागले. १९३९ साली सुमारे दोन लाख असलेली फौज युद्ध संपेपर्यंत पंचवीस लाखांवर गेली. जुलै १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर आले. तिथून त्यांनी महार पलटणीचा आग्रह धरला आणि तरुणांना भरतीचे आवाहन केले. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी कामठीला, आणि १९४२ मध्ये आणखी दोन. टोपीवरच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.

मग ह्या पलटणी कोहिमाला लढल्या का? मुलांना खोटे सांगू नये. पहिली आणि तिसरी पलटण वायव्य सरहद्दीवर पहाऱ्याला होती. दुसरी पलटण ब्रह्मदेशाच्या मोहिमेत गेली. मोठ्या लढायांच्या यादीत आपले नाव पहिल्या ओळीत नाही. पण सरहद्द राखणारा कोणी असतो, म्हणूनच दुसरा पुढे जाऊन लढू शकतो. आणि बंदूक हातात घेण्याचा हक्कच ज्याच्याकडून काढून घेतला होता, त्याची खरी लढाई बेळगावच्या भरतीच्या रांगेतच जिंकली गेली होती.

बाबासाहेबांना हे युद्ध केवळ नोकरीसाठी हवे होते असेही नाही. वंशाच्या उच्चनीचतेवर उभा असलेला नाझीवाद जिंकला तर कामगाराला स्वातंत्र्य आणि समता कधीच मिळणार नाही, हे मजूरमंत्री असताना नभोवाणीवरून त्यांनी स्पष्ट सांगितले. जन्माने माणूस वर किंवा खाली ठरतो, हे तत्त्व आपल्याला बर्लिनहून शिकण्याची गरज नव्हती!

जुलै १९४२ ते जून १९४६ ते मजूरमंत्री होते. १९४३ साली सरकारी नोकऱ्यांत अस्पृश्यांसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. १९४६ साली कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आज आठ तास भरून घराकडे निघणाऱ्या कामगाराने हे ध्यानात ठेवावे.

१९२१ सारखे ह्या वेळी झाले नाही. १९४६ साली एक पलटण मोडली, पण रेजिमेंट टिकली. पुढे ती सर्व जातींच्या जवानांची झाली. त्याच रेजिमेंटचे कृष्णराव आणि सुंदरजी हे दोन अधिकारी देशाचे लष्करप्रमुख झाले. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना १९८७ साली श्रीलंकेतील बलिदानासाठी मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

त्या मुलाला मी एवढे सांगितले. तो घरी गेला आणि पुढच्या रविवारी एक गंजलेला डबा घेऊन आला. आत पणजोबांचे एक पदक आणि चुरगळलेला सुटीचा दाखला होता. आजी म्हणाली होती, "भंगारात द्यायचा राहून गेला."

बंधू-भगिनींनो, त्या युद्धातले आपले शिपाई आता राहिले नाहीत. राहिली ती पेटीच्या तळाशी पडलेली पदके आणि कागद. कोकणातल्या, साताऱ्याच्या, विदर्भाच्या गावच्या घरात एकदा पेटी उघडून बघा. पलटणीचे नाव, नंबर, सन वहीत उतरवून ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आपण कुठे होतो, हे आपणच लिहून ठेवले नाही, तर दुसरा कोण लिहिणार?

जयभीम!