आभासी चर्चासत्र आणि संशोधकांचा समूह

मार्च २०२० मध्ये प्रवास थांबला, तेव्हा गणितासारख्या विषयातील संशोधकांपुढे वाचनसामग्रीचा प्रश्न नव्हता. शोधनिबंधांची पूर्वप्रत छपाईआधीच जगभर पोहोचवणारा ‘आर्काइव्ह’ हा संग्रह १९९१ पासून चालू होता. खंड पडला तो चर्चासत्रात. फसलेला मार्ग, अर्धवट अटकळ, श्रोत्याने मध्येच काढलेली शंका यांना निबंधात सहसा स्थान नसते. ती मिळतात बैठकीत. सतराव्या शतकात मारँ मर्सेन हा पॅरिसमधील संन्यासी देकार्त, फर्मा यांच्यासारख्यांची पत्रे एकमेकांपर्यंत पोहोचवीत असे, तेही याच गरजेपोटी.

२०२० च्या वसंतात संभाव्यताशास्त्राच्या अभ्यासकांनी ‘वन वर्ल्ड’ या नावाने चर्चासत्र सुरू केले. वक्ता आपल्या घरी, श्रोते आपापल्या देशी. मोठ्या केंद्रांपासून दूर असलेल्या, प्रवासखर्च न मिळणाऱ्या अध्यापकाला यातून जे मिळाले ते केवळ सोय म्हणून मोडीत काढता येणार नाही. मात्र अंतर मिटले असे म्हणणे उतावीळपणाचे ठरेल. ते घड्याळात शिरले. उन्हाळ्यात पॅरिसला दुपारचे तीन वाजतात तेव्हा मुंबईत साडेसहा आणि कॅलिफोर्नियात पहाटेचे सहा. कोणी जागायचे, हा प्रश्न उरतोच.

त्याहून अवघड प्रश्न चहाच्या वेळेचा. व्याख्यान तारेतून जाते. व्याख्यानानंतर फळ्यापाशी रेंगाळणारी दोन माणसे जात नाहीत. ज्येष्ठांच्या जुन्या ओळखी पडद्यावर टिकतात. नवख्या संशोधकाची ओळख मुळात व्हायची कोठे? ‘आभासी’ हा मराठी पर्याय या दृष्टीने विचार करायला लावतो. त्यात मिथ्यात्वाची छटा आहे, आणि व्याख्यानाला ती लावणे अन्यायाचे आहे. तेथे ‘दूरस्थ’ अधिक नेमका. सहवासाच्या बाबतीत मात्र ‘आभासी’च खरा.

२०२२ ची आंतरराष्ट्रीय गणित परिषद सेंट पीटर्सबर्गला ठरली होती. फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर ती दूरस्थ व विनाशुल्क भरवण्याचा निर्णय झाला. फील्ड्स पदकांचा समारंभ तेवढा ५ जुलैला हेलसिंकीत प्रत्यक्ष झाला. पदक मिळालेल्यांत युक्रेनच्या मारिना व्याझोव्स्का होत्या. पुढे व्याख्याने पडद्यावर चालू असताना काही शहरांत वक्ते व श्रोते आपण होऊन एका सभागृहात जमले, आणि तेथूनच ती इतरांपर्यंत पोहोचली.