सिकलसेलचं नवं औषध आलं, आणि परतही गेलं

भिलाई, दुर्ग, राजनांदगाव या पट्ट्यात राहत असाल, तर 'सिकलिंग' हा शब्द तुम्ही नक्की ऐकला असेल. विदर्भातून नोकरीसाठी इथे आलेल्या मराठी घरांनाही तो नवा नाही. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडे त्यालाच सिकलसेल म्हणतात. आई आणि बाबा दोघांकडून सदोष जनुक आलं, की मुलाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन बदलतं. ऑक्सिजन कमी पडला की गोल, मऊ तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठ होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हातपाय, पाठ, छाती अशी ठणकू लागते, की रात्री-अपरात्री दवाखाना गाठावा लागतो.

अशा घरात 'सिकलसेलवर नवं औषध आलं' ही बातमी मोबाइलवर दिसली, की ती नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरणारच. 2019 मध्ये अशी बातमी आली होती आणि ती खरीही होती. औषधाचं नाव क्रिझॅनलिझुमॅब. पुढे त्याचं काय झालं, हे मात्र फार कमी लोकांपर्यंत पोचलं.

नावाच्या शेवटी 'मॅब' दिसलं, की ते बहुधा मोनोक्लोनल अँटीबॉडी या जातीचं औषध असतं. आपल्या शरीरात जंतू शिरला की पांढऱ्या पेशी अँटीबॉडी, म्हणजे प्रतिपिंडं, तयार करतात. प्रत्येक प्रतिपिंड एका ठरावीक खुणेलाच चिकटतं, जशी एका कुलपाला एकच किल्ली. 1975 मध्ये केंब्रिजला जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टीन यांनी उंदराची प्रतिपिंड बनवणारी पेशी कर्करोगाच्या पेशीशी जोडली. एकीला किल्ली घडवता येत होती, दुसरी वाढायची थांबत नव्हती. त्यामुळे हवं तेच प्रतिपिंड हवं तितकं मिळू लागलं. 1984 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. ही औषधं म्हणजे प्रथिनं. गिळली तर डाळीतल्या प्रथिनासारखी पोटात पचून जातील, म्हणून ती सुईने किंवा सलाइनमधून द्यावी लागतात. जिवंत पेशींकडून बनवून घ्यावी लागत असल्याने महागही पडतात.

क्रिझॅनलिझुमॅबचं लक्ष्य होतं पी-सिलेक्टिन. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावरचा हा चिकट रेणू पेशींना धरून ठेवतो. त्यालाच झाकून टाकलं, तर पेशी अडकणार नाहीत आणि ठणका उठणार नाही, अशी ती कल्पना होती. ऐकूनच पटावी अशी.

पण पटणाऱ्या कल्पनेलाही परीक्षा द्यावीच लागते. आधी प्रयोगशाळा, मग प्राणी. त्यानंतर माणसांवरचा पहिला टप्पा, ज्यात थोड्या लोकांना औषध देऊन ते सोसतं का आणि किती द्यावं हे पाहतात. दुसऱ्या टप्प्यात रुग्ण येतात. अमेरिका, ब्राझील आणि जमैकातल्या 198 रुग्णांना वर्षभर सलाइन दिलं गेलं. काहींच्या बाटलीत औषध होतं, काहींच्या बाटलीत औषधच नव्हतं, आणि कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं, तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. औषधाचा पूर्ण डोस मिळालेल्यांना वर्षाला साधारण 1.6 वेळा ठणका उठला, औषध नसलेल्यांना साधारण 3 वेळा. नोव्हेंबर 2019 मध्ये अमेरिकेने आणि पुढच्या वर्षी युरोपने परवानगी दिली. युरोपची अट होती, की मोठी चाचणी करून दाखवा.

त्या तिसऱ्या टप्प्यात 252 रुग्ण होते. निकाल आला तेव्हा औषध घेणाऱ्यांचे ठणके वर्षाला सरासरी 2.5 होते आणि बिनऔषधाच्या सलाइनवर असलेल्यांचे 2.3. फरक नव्हताच. 2023 मध्ये युरोपने परवानगी रद्द केली.

असं का झालं, यावर तज्ज्ञांमध्ये वाद आहे. सिकलसेलचा ठणका आपणहूनही कमी-जास्त होतो, हे तुमच्या घरात हे दुखणं असेल तर तुम्ही पाहिलंच असेल. एखादं वर्ष बरं जातं आणि श्रेय शेवटच्या औषधाला मिळतं. म्हणून बिनऔषधाचा गट लागतो. महिन्यामागून महिने नुसतं सलाइन टोचून घेणाऱ्या त्या रुग्णांचे उपकार मला औषध शोधणाऱ्यांइतकेच मोठे वाटतात. त्यांच्याशिवाय हा निकाल कळलाच नसता.

बाजारात आल्यावरही परीक्षा संपत नाही. 2019 मध्येच मंजूर झालेली व्हॉक्सेलोटर ही सिकलसेलची गोळी सप्टेंबर 2024 मध्ये कंपनीने सुरक्षिततेच्या कारणावरून जगभरातून परत घेतली.

मग टिकलं काय? हायड्रॉक्सीयुरिया. हे रसायन 1869 मध्येच तयार झालं होतं आणि आधी कर्करोगासाठी वापरलं जायचं. अमेरिका-कॅनडातल्या 299 प्रौढ रुग्णांवरची त्याची चाचणी 1995 मध्ये मुदतीआधीच थांबवली गेली. फायदा इतका स्पष्ट होता, की उरलेल्यांना औषधाविना ठेवणं बरोबर नव्हतं. पण ते रुग्ण परदेशातले आणि मोठे. आपल्याकडच्या लहान मुलांचं काय? याचं उत्तर आपल्या शेजारच्या नागपुरातून आलं. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी तीव्र त्रास असलेल्या 60 मुलांवर चाचणी केली. निम्म्यांना वजनाच्या दर किलोमागे रोज 10 मिलिग्रॅम असा कमी डोस, निम्म्यांना औषध नसलेली तशीच गोळी. 2012 मध्ये निकाल छापून आला. औषध मिळालेल्या मुलांचे ठणके खूपच कमी झाले होते. ही गोळी स्वस्त आहे, मात्र ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळोवेळी रक्त तपासूनच घ्यायची असते. मूल होऊ देण्याचा विचार असेल, तर तेही डॉक्टरांना आधीच सांगा.

उद्या तुम्हाला किंवा तुमच्या मुलाला एखाद्या चाचणीत येता का, असं कुणी विचारलं, तर घाबरूही नका आणि लगेच सहीही करू नका. तुम्हाला समजेल अशा भाषेतला माहितीचा कागद मागा. तो घरी आणा, सगळ्यांनी मिळून वाचा. सध्याचं औषध बंद करावं लागेल का, हे विचारा. मूल कळत्या वयाचं असेल, तर त्याचाही होकार घ्यावा लागतो. मध्येच बाहेर पडण्याचा तुम्हाला हक्क आहे, त्यामुळे नेहमीचे उपचार तुटत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली, तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद 2019 च्या नियमांत आहे. देशातल्या अशा चाचण्यांची नोंद 'सीटीआरआय' या सरकारी यादीत आधी व्हावी लागते. तो नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि यादीत शोधा, मोबाइलवरही सापडते.