माणिकगड आणि आग्या मोहोळ

फेब्रुवारी महिन्यात आमच्या शाळेची सहल माणिकगडावर गेली होती. तेथे मी एक धडा शिकलो. तो तुम्हांला सांगतो.

चंद्रपूरहून निघालो की बल्लारपूर येते. पुढे वर्धा नदीचा पूल ओलांडला की राजुरा, आणि मग गडचांदूर. हा मुलूख १९४८ सालापर्यंत निजामाच्या राज्यात होता. गडचांदूरनंतर सडक डोंगर चढू लागते. शेवटी गाडी सोडून पायवाटेने चालावे लागते. गडाची उंची समुद्रसपाटीपासून ५०७ मीटर आहे आणि चंद्रपूरची सुमारे १९०. करा वजाबाकी! वर पोचलो तेव्हा माझी पाण्याची बाटली अर्धी झाली होती.

गडाचा दरवाजा काळ्या दगडाचा आहे. त्यावर नाग कोरलेला आहे. नागवंशी राजांनी हा गड बांधला, असे सांगतात. तटावरून खाली दरी नि दूरवर रानच रान दिसते. मी तर पाहतच राहिलो.

एवढ्यात कड्याला लटकलेले सुपाएवढे काळे पोळे मला दिसले. मी गोटा उचलला. वाट दाखवायला आलेल्या म्हाताऱ्या बाबांनी माझा हात धरला. हळूच म्हणाले, "नोको पोरा! ते आग्या मोहोळ हाय."

खाली उतरल्यावर गुरुजींनी कारण समजावून सांगितले. घरट्यातल्या माश्या पोकळीत लपून राहतात, पण आग्या माशीचे पोळे उघड्यावर असते. म्हणून राखण करायला पुष्कळ माश्या एकदम धावतात. एक माशी चावली की तिच्या काट्यातून एक वास सुटतो. त्या वासावर बाकीच्या येतात. माणूस मरूही शकतो.

मित्रांनो, माझ्यामागे वाटेवर पहिलीची पोरे उभी होती! गोटा मी मारला असता तर?

म्हणून डोंगरावर जाल तेव्हा पोळ्याजवळ धूर करू नका, आरडाओरड करू नका, गोटा मारू नका. माश्या उठल्याच तर हात झाडू नका. तोंड-डोके कपड्याने झाका आणि लांब पळा. काटा रुतला तर नखाने लगेच खरवडून काढा आणि दवाखान्यात जा.

याच माश्या फुलाफुलांवर पराग नेतात, म्हणून रानात फळे धरतात. त्यांच्या घरी आपण पाहुणे. पाहुण्यासारखे जावे, पाहुण्यासारखे यावे.