नकाशावरची नदी आणि देशाची सीमा

आफ्रिका खंडाच्या नकाशावर नजर टाकली असता अनेक देशांच्या सीमा पट्टी लावून आखल्यासारख्या सरळ दिसतात. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत या सीमा ठरल्या, असे विधान नेहमी केले जाते. ते पूर्णांशाने खरे नाही. परिषदेस चौदा राष्ट्रांचे प्रतिनिधी होते व त्यांत आफ्रिकी राज्यकर्ता एकही नव्हता, हे खरे. परंतु तेथे मुख्यतः काँगो व नायजर या नद्यांवरील व्यापार आणि किनाऱ्यावर नव्याने ताबा घेण्याचे नियम ठरले. बहुतेक सीमा दोन-दोन सत्तांनी आपसांत केलेल्या करारांतून निर्माण झाल्या.

या करारांना आधार होता तो प्रवासी संशोधकांच्या माहितीचा. स्टॅन्लेने १८७४ ते १८७७ या काळात खंड ओलांडून काँगो नदीचा मार्ग निश्चित केला आणि पुढे बेल्जमचा राजा लिओपोल्ड याच्यासाठी तेथील प्रमुखांशी करारमदार केले. ब्राझा याने १८८० मध्ये टेके जमातीच्या मकोको राजाशी केलेल्या करारामुळे नदीच्या उत्तर तीरावर फ्रान्सला हक्क सांगता आला. प्रवाशाची रोजनिशी, त्याने काढलेला नकाशा आणि स्थानिक राजाची निशाणी असलेला कागद, एवढ्यावर मालकी सिद्ध होई.

माहिती नसेल तेथे मात्र नकाशाकार तर्काने काम भागवीत. बंगालच्या नद्यांची काटेकोर पाहणी करणारा जेम्स रेनेल याने मुंगो पार्कच्या प्रवासवृत्तासाठी नकाशा तयार केला आणि त्यात पश्चिम आफ्रिकेत ‘काँग’ नावाची पर्वतरांग दाखविली. बँजे या फ्रेंच अधिकाऱ्याने १८८७ ते १८८९ मध्ये तो प्रदेश पायाखाली घातला, तेव्हा तेथे पर्वत नाहीच असे आढळले. सुमारे नव्वद वर्षे हा पर्वत नकाशांवर उभा होता! ज्या डोंगर-नद्यांची नेमकी जागा ठाऊक नाही, त्या आपण एकमेकांना देत-घेत आहोत, असे ब्रिटिश पंतप्रधान सॉल्सबरी १८९० मध्ये एका भाषणात विनोदाने म्हणाले होते.

न सापडलेला उगम

त्या विनोदाची किंमत कोणी दिली, हे नायजेरिया-कॅमेरून सीमेवरून कळते. १८८५ मध्ये ब्रिटन व जर्मनी यांनी ठरविले की, रिओ डेल रे नदीच्या मुखापासून उगमापर्यंत तिच्या उजव्या तीराने सीमा जावी. तेथून ती क्रॉस नदीकडे वळावी आणि नदी ओलांडून ब्रिटिश आरमारी नकाशावर ‘द्रुतवाह’ असे लिहिलेल्या ठिकाणी संपावी. कागदावर व्यवस्था चोख होती. प्रत्यक्ष पाहणीत मात्र रिओ डेल रे ही नदीच नसल्याचे आढळले. ती होती समुद्राची आत शिरलेली खाडी. तिला उगम कोठून असणार? त्यामुळे १८९० व १८९३ मध्ये नवे करार करावे लागले.

अखेर ११ मार्च १९१३ च्या कराराने सीमा पश्चिमेस अक्वायाफे नदीवर सरकली आणि मधला बकासी द्वीपकल्प जर्मन कॅमेरूनकडे गेला. नदीने पुढे मुख बदलले तरी बकासी जर्मनीचाच राहील, असेही एक कलम त्यात होते. पूर्वीच्या चुकीपासून एवढा धडा घेतला गेला, असे म्हणता येईल. तेथील कोळ्यांचे क्रॉस नदीच्या मुखातील मासेमारीचे हक्क अबाधित राखले गेले. पण कोणत्या राज्यात राहावयाचे, हे त्यांना कोणी विचारले नाही.

दोन्ही देश १९६० मध्ये स्वतंत्र झाले. वसाहतकालीन सीमा आहेत तशाच मानाव्यात, असा ठराव आफ्रिकी ऐक्य संघटनेने १९६४ मध्ये कैरो येथे केला. तरीही बकासीवरून सैन्ये समोरासमोर आली आणि मार्च १९९४ मध्ये कॅमेरूनने आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. १८८४ च्या तहाने जुन्या कॅलाबारच्या प्रमुखांनी ब्रिटनकडून केवळ संरक्षण घेतले होते. जे ब्रिटनचे नव्हते ते त्याने जर्मनीला दिलेच कसे, असा नायजेरियाचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो अमान्य केला व १० ऑक्टोबर २००२ रोजी १९१३ चा करार ग्राह्य धरून कॅमेरूनच्या बाजूने निर्णय दिला.

१४ ऑगस्ट २००८ रोजी नायजेरियाने तेथील प्रशासन कॅमेरूनच्या स्वाधीन केले. स्वतःस नायजेरियन मानणाऱ्या कोळी कुटुंबांपैकी काही घरदार सोडून क्रॉस नदीपलीकडे गेली. काहींनी होड्या आणि जाळी तेथेच ठेवून परकीय म्हणून राहणे पत्करले.