जासूद

जासूद हा निरोप, पत्र अथवा बातमी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचविणाऱ्या माणसासाठी मराठीत रूढ असलेला जुना शब्द आहे. शिवकाल व पेशवाईतील पत्रव्यवहारात आणि बखरींत तो वारंवार येतो. आजच्या बोलण्यातून तो जवळजवळ नाहीसा झाला असला, तरी ऐतिहासिक कागद वाचणाऱ्यास त्यावाचून गत्यंतर नाही. जासूद हे आडनावही महाराष्ट्रात आढळते.

व्युत्पत्ती आणि व्याकरण

मूळ शब्द अरबी ‘जासूस’ असून त्याचा अर्थ चाचपून, शोध घेऊन बातमी काढणारा, म्हणजेच हेर असा आहे. फारसीच्या मार्गाने तो मराठीत आला तेव्हा अंत्य ‘स’च्या जागी ‘द’ आला. अर्थही सरकला आणि बातमी काढणाऱ्यापेक्षा बातमी नेणारा हा अर्थ अधिक रूढ झाला. हिंदीत मात्र ‘जासूस’ हे रूप मूळ अर्थासह टिकून राहिले. गुजरातीत ‘जासूद’ हे जास्वंदीच्या फुलाचे नाव आहे; त्याचा या शब्दाशी संबंध नाही.

जासूद हे पुल्लिंगी नाम आहे. सामान्यरूपात उपान्त्य ऊकार ऱ्हस्व होतो. म्हणून जासुदाने, जासुदास, जासुदांकडून असे लिहावे. ‘जासूदाने’ हे लेखन अशुद्ध होय.

अर्थाची व्याप्ती

जुन्या कागदांत जासूद बहुधा जोडीने पाठविले जात. ‘जासूदजोडी’ हा शब्दप्रयोग त्यावरूनच आला. वाटेत एकास काही झाले तरी दुसऱ्याने काम तडीस न्यावे, ही सोय त्यात होती. जासुदाने थैली किंवा लाखोटा पोहोचता करावयाचा, उत्तर घेऊन परतावयाचे आणि कागदावर लिहिणे इष्ट नसलेला मजकूर तोंडी सांगावयाचा. वाटेत दिसलेल्या फौजा, नद्यांचे उतार, ऐकलेल्या वार्ता हेही तो धन्याच्या कानी घाली. निरोप्या आणि हेर यांतील सीमा येथे पुसट होते. शिवाजी महाराजांचे प्रसिद्ध हेर बहिर्जी नाईक यांनाही जासूद म्हटले जाते. सुरतेच्या १६६४ च्या स्वारीपूर्वी त्या शहराची माहिती त्यांनी आणल्याचे सांगतात.

तरीही आजचा विद्यार्थी हिंदीच्या सवयीने प्रत्येक जासुदास गुप्तहेर समजतो, ही चूक साधी नाही. ‘पुण्याहून जासूद आले’ अशा वाक्याचा अर्थ पुण्याचे टपाल आले, एवढाच असू शकतो. तेथे हेर वाचला, तर दोन मित्र सरदारांमधील नित्याचा पत्रव्यवहार परस्परांवरील पाळत ठरतो आणि इतिहासच उलटा होतो. जासूद कोणी पाठविला, कोणाकडे पाठविला आणि तो उघडपणे आला की लपून, हे पाहूनच अर्थ ठरवावा.

जवळचे शब्द

कासीद हा अरबीतून आलेला शब्द मजल मारणाऱ्या पत्रवाहकास लावला जाई. सावकारांचेही कासीद असत. पानिपतच्या पराभवाची (१४ जानेवारी १७६१) वार्ता नानासाहेब पेशव्यांना अशाच एका सावकारी कासिदाजवळील सांकेतिक पत्रावरून कळली, असे सांगितले जाते. हलकारा हा फारसी ‘हरकारा’ याचा मराठी अवतार. सांडणीस्वार उंटिणीवरून जाई, म्हणून तातडीच्या पत्रास तो उपयोगी पडे. वकिलाची गोष्ट निराळी: तो परदरबारी राहून धन्याच्या वतीने बोलणी करी, तर जासुदास बोलणी करण्याचा अधिकार नसे. दूत हा संस्कृत शब्द पुराणकथांत व काव्यात शोभतो. दप्तरी भाषेत तो क्वचितच दिसतो. निरोप्या हा त्यांतला सर्वांत घरगुती. १९०३ साली सुरू झालेल्या एका ख्रिस्ती मराठी मासिकाचे नावही ‘निरोप्या’च आहे.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि दरबारांचे जासूद ठेवण्याचे कारण उरले नाही. १८३७ च्या टपाल कायद्याने कंपनीच्या मुलखात पत्रे वाहून नेण्याचा मक्ता सरकारकडे गेला, आणि बोलीभाषेत टपालवाला व पुढे पोस्टमन हे शब्द जासुदाच्या जागी आले.